शेजारच्या अंगणातलं रान

सई, निहार — हे तुमच्या आजोबांना ठाऊक नव्हतं. ते गेले, तेव्हाही ठाऊक नव्हतं. तुमच्या बाबाला आजही ठाऊक नाही. ज्यांना वाटतं की मी त्यांच्याशी सगळं मोकळेपणाने बोलते, त्यांच्यापैकी एकालाही मी हे सांगितलेलं नाही.

मग आत्ताच का? सई, मागे तू फोनवर मेलबर्नच्या तुमच्या घरामागची बाग दाखवलीस. तिथली हिरवळ उपटून टाकली आहेस, तिथल्याच मातीतली झाडं लावली आहेस, तिथल्याच पाखरांसाठी. शेजारी नाकं मुरडतात, म्हणालीस. आणि मग हसून म्हणालीस, "आजी, हे माझ्यात तुझ्याकडून आलंय." तुमच्या तिथल्या मंडळात लावायला माझ्या बारामतीच्या बागेचा जुना फोटो मागितलास. निहारनेही नंतर आठवण केली. सापडत नाही, असं मी दोघांनाही सांगितलं.

फोटो सापडलेला आहे. माझ्या घरात एखादी वस्तू सापडत नाही, यावर तुम्ही विश्वास ठेवलात तरी कसा?

ते तुझ्यात माझ्याकडून आलेलं नाही, सई. क्रमाने सांगते. क्रमाशिवाय मला काही जमत नाही, हे तुम्ही जाणता — आणि या गोष्टीत तर त्या सवयीचाही हात आहे. मराठी तुम्हाला सावकाश वाचावी लागते, म्हणून सोपं लिहिते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुमचं काम हलकं झालं असतं. पण इंग्रजीत लिहिताना मी आहे त्यापेक्षा चांगली दिसते. तसं दिसायचं नाही.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. बारामतीत, कन्हेरीच्या अंगाला, माळावर आमची सोसायटी झाली. माळ म्हणजे मुरमाड जमीन, गुडघाभर पिवळं गवत, मधूनमधून बोरीच्या नि नेपतीच्या काटेरी जाळ्या. वरवर पाहणाऱ्याला ओसाड वाटावं असं सगळं. आम्ही सगळ्यांनी प्लॉट हातात आल्याबरोबर पहिलं काम केलं ते ट्रॅक्टरला फळी लावून तो खरवडून काढायचं. मग मळ्यांमधली काळी माती आणून पसरली. मी पुण्याला कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. तिथल्या हिरवळीवर आम्हा मुलींना पाय ठेवायची परवानगी नसे. तशी हिरवळ मी स्वतःच्या दारात केली. कडेला कातरलेला ड्युरांटा, कोपऱ्यात क्रोटन, फाटकाशी दोन अशोक. तुमचे आजोबा कारखान्यातून आले की बूट काढून कडेकडेने घरात जात. मीच तसं सांगितलं होतं.

शेजारचा प्लॉट विमलताईंचा. त्या मूळच्या डाळजच्या. शाळेत विज्ञान शिकवायच्या, यजमान पाटबंधारे खात्यात. बौद्ध कुटुंब — सोसायटीतलं एकुलतं एक. त्यांनी घर बांधलं आणि उरलेल्या प्लॉटला हातच लावला नाही. बायकांना वाटलं, अजून हात फिरायचा असेल. पावसाळा गेला, दिवाळी गेली, बोरीची जाळी तिथेच. उलट माळावरून आणखी चार रोपं त्यांनी आणून लावली, गवतात मातीचं परळ ठेवलं आणि त्यात रोज पाणी. बुलबुल आले, होले आले, सातभाईंची टोळी आली. गवतात तित्तिरांची जोडी राहायला लागली. सकाळी त्यांच्या आवाजानेच जाग येई.

माझ्या हिरवळीवर कावळ्याशिवाय कुणी उतरत नसे.

"वहिनी," त्या एकदा कुंपणावरून म्हणाल्या, "तुमच्याकडं औषधाला एक किडा न्हाय. पाखरानं येऊन खायचं काय, तुमची शिस्त?"

मी मोठ्याने हसले होते. मला त्या आवडायच्या — हे खरं आहे, यात काही लपवलेलं नाही. शाळेत शुद्ध बोलणाऱ्या विमलताई माझ्याशी डाळजचं बोलायच्या, याचा मला अभिमान होता. सोसायटीतून त्यांच्याकडे चहा प्यायला जाणारी मी एकटीच. आणि एकटीच आहे, हेही मला आवडायचं. म्हणजे काय आवडायचं? मी मला आवडायचे. तेव्हा हा फरक मी कधी पाहिला नाही.

त्या वर्षी सोसायटीच्या मधल्या मोकळ्या जागेचं काय करायचं, हा विषय निघाला. मी नकाशाच काढला होता — हिरवळ, ड्युरांटाची किनार, रॉयल पाम, मधे कारंजं. मापं टाकून, रंग देऊन. विमलताई मीटिंगमध्ये म्हणाल्या की आहे ते रान राहू द्या. पायवाट काढा, कडेला कडुनिंब लावा, एक पाणवठा करा. मुलांना पाखरं दाखवायला गाव सोडावं लागणार नाही. मला वाटलं, लोक हसतील. पण आमचे चेअरमन बापूराव — मळेवाले, जुने, सणसरकडून आलेले — डोक्यावरची टोपी काढून म्हणाले, "बाईंचं बी खरं हाय. टँकरचं पानी मानसाला पुरंना, गवताला कुठनं घालायचं?" आणि मग बायका विमलताईंकडे रोपं मागायला लागल्या. माझ्याकडे आजवर कुणी क्रोटनची फांदीही मागितली नव्हती.

सई, तू तेव्हा आमच्याकडे होतीस. तुझी आई कामानिमित्त बाहेरगावी होती, म्हणून ते काही महिने तू माझ्या कडेवर. त्या संक्रांतीला तुझं बोरन्हाण केलं. चुरमुरे, उसाचे करवे, हलवा — आणि बोरं. ती बोरं विमलताईंच्या जाळीतली. काट्यांत हात घालून त्यांनी काढली होती, मनगटावर ओरखडे होते. मी त्यांना बोलावलं नाही का? बोलावलं. "सवडीने या," म्हणाले — बाकीच्या बायका गेल्यावर येतील, अशा बेताने. त्या आल्या तेव्हा मी हॉल झाडत होते. त्यांनी तुझ्या केसांतून राहिलेला एक चुरमुरा काढला आणि तुझ्याच तोंडात घातला.

पुढे तू जेवायला त्रास द्यायला लागलीस. विमलताईंच्या ओट्यावर बसवलं की मात्र सातभाई बघत वाटी संपवायचीस. शाळा सकाळची, म्हणून दुपारी त्याच भरवायच्या. एकदा तुझी वाटी त्यांच्याकडून धुऊन आली. मी ती पुन्हा घासली. मग चिंच लावून परत एकदा. कुणी सांगितलं होतं मला? आमच्या घरात कुणी काही पाळत नव्हतं. मी स्वतः त्यांच्या कपबशीने चहा पीत होते. मग ती वाटी मी का घासत होते? तेव्हा स्वतःला म्हणाले, राख राहिली असेल. राख नव्हती.

आता — इथवर आले आहे तर पुढचंही लिहिलं पाहिजे.

चैत्रातली रविवारची सकाळ. मोकळ्या जागेच्या निर्णयाला एक-दोन दिवस राहिलेले. फाटकाबाहेर टँकर उभा होता, बायका हंडे घेऊन होत्या. तू रांगत, धरत धरत कुंपणापर्यंत गेलीस. तारेच्या पलीकडे बोरीची जाळी, तिच्या पलीकडे विमलताई कपडे वाळत घालत होत्या. तू त्यांच्याकडे हात केलेस. मी तुला उचललं. तू मला ढकललंस, अंग ताठ केलंस, रडून रडून लाल झालीस — आणि हात त्यांच्याकडेच. बायकांमधून कुणीतरी हसलं. म्हणालं, "आजीपरीस शेजारीण बरी वाटती व्हय गं तुला?"

बाकीच्याही हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं. अशी थट्टा रोज होते.

मी म्हणाले, "साप."

हसणं थांबलं. मी म्हणाले, "घोणस होती. पोरीच्या हाताशी होती. जाळीत गेली."

साप नव्हता. सावली नाही, सळसळ नाही, गवताचं पातंसुद्धा हललं नव्हतं. माझा गैरसमज झाला, मी घाबरले होते — असलं काहीही नव्हतं. तिथे काही नाही, हे मला बोलताना माहीत होतं. बोलून झाल्यावरही माहीत होतं.

आणि मी नुसतं तेवढं बोलून थांबले का? लोक विचारत गेले, मी सांगत गेले. अंगावर साखळीसारखे ठिपके होते. मनगटाएवढी जाड. शेपूट आखूड. एका पुस्तकात वाचलं होतं ते सगळं क्रमाने सांगितलं. माझी प्रत्येक गोष्ट व्यवस्थित असते, तसं ते खोटंही व्यवस्थित होतं. म्हणून कुणाला शंका आली नाही.

पुरुषमंडळी काठ्या घेऊन आली. जाळी झोडपली, काही निघालं नाही. निघालं असतं तर मारून विषय संपला असता. निघालं नाही, म्हणून संध्याकाळपर्यंत तो साप प्रत्येकाच्या न्हाणीघरात, जिन्याखाली दिसायला लागला. बापूरावांच्या ओट्यावर सगळे जमले. बापूराव म्हणाले, "बाई, पाखरं शाळंत शिकवा की. हितं लेकरं रांगत्यात." ते तसं समजुतीनेच बोलले. पण मागून एक आवाज आला — कोणाचा, ते मला माहीत आहे, लिहीत नाही, कारण तो आवाज माझ्याच कामाला आला — "ह्यांना घाणीत राहायची सवय हाय. आपल्याला न्हाय."

कुणी त्याला गप्प केलं नाही. विमलताईंचे यजमान उठून निघून गेले. विमलताई बसून राहिल्या. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिथे त्यांची बाजू घेईल अशी मीच होते ना? त्यांच्या घरचा चहा पिणारी, इंग्रजी शिकलेली, सुधारलेली. तो आवाज निघणार, हे मला सकाळपासून माहीत होतं. घोणस म्हणाले, तेव्हाच माहीत होतं की ती त्यांच्याच अंगणात लोकांना पटेल. माझ्या अंगणात कुणाला पटली नसती.

मी खाली पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आल्या. चप्पल काढून बाहेरच उभ्या राहिल्या. याआधी कधी बाहेर उभ्या राहिल्या नव्हत्या.

"वहिनी, तुमी सोताच्या डोळ्यानं बघितली न्हवं?"

"हो," मी म्हणाले.

"मग झालं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुनी सांगितलं असतं तर म्या काडी हलवली नसती. त्यान्ला साप नकोय का आमी नकोय, एवढं कळतंय मला. पर तुमी कशाला खोटं सांगाल?" मग तू पाटावर बसली होतीस, तिकडे बघून म्हणाल्या, "हिला काय झालं असतं तर म्या जल्मात तोंड दावलं नसतं तुमाला."

ती वेळ होती. दार उघडं होतं, आम्ही दोघीच होतो, ऐकणारं कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. मी त्यांना चहा घेता का, म्हणून विचारलं. त्या नको म्हणाल्या.

माणूस लावला नाही त्यांनी. शाळेत रजा टाकली आणि नवरा-बायकोने मिळून कोयत्याने ती जाळी तोडली. बोरीचा काटा सोपा नसतो. ज्या हातांनी तुझ्यासाठी बोरं काढली होती त्याच हातांनी, आणि तुझ्यासाठीच. दुपारी ढीग पेटवला. वारा होता, गवतही लागलं. मी खिडकीत तुला घेऊन उभी होते. गवतातून तित्तिर निघाली — उडाली नाही, पळाली. कुंपणापर्यंत आली, थांबली, वळली आणि धुरात परत गेली. ती पुन्हा बाहेर आली का? मला सांगता येत नाही. मी खिडकी लावून घेतली. पडदे धुतलेले होते, धूर येत होता.

संध्याकाळी विमलताई राखेत वाकून काही उचलताना दिसल्या. पदरात घेऊन घरात गेल्या. काय होतं ते मी कधी विचारलं नाही.

मोकळ्या जागेचा निर्णय त्या आठवड्यात झाला. माझा नकाशा एकमताने. एकमताने म्हणजे विमलताईंचाही हात वर होता. ट्रॅक्टर आला, जागा खरवडली, लॉन बसवलं. त्या वर्षी माझ्या बागेला शहरातलं बक्षीस मिळालं आणि माझा तुला घेऊन, हिरवळीवर, फोटो काढला. तू मागितलास तो हाच, सई. डाव्या कडेला कुंपणापलीकडे जे काळं दिसतं, ती सावली नाही.

विमलताईंनी अंगणात शहाबादी फरशी घातली. एकही भेग राहू दिली नाही. त्यानंतर मी त्यांच्याकडे चहाला गेले नाही. काय कारण सांगायचे? सईला पडसं झालंय, पाहुणे आलेत, उन्हं फार आहेत. त्या फरशीवर खुर्ची टाकून शाळेच्या वह्या तपासत बसायच्या, आणि आजूबाजूला काही नाही. का ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण एका वर्षात इंदापूरला बदली मागून घेतली. घर विकलं. टेम्पोत सामान भरत होते तेव्हा मी निरोप द्यायला गेले — पाण्याची बाटली आणि लाडवांचा डबा घेऊन. निरोप मी नीट देते.

नंतर एकदाच भेट झाली. इंदापूरच्या एसटी स्टँडवर, मी सोलापूरकडे लग्नाला निघाले होते. केस पांढरे झाले होते त्यांचे. त्यांनीच हाक मारली. पहिला प्रश्न, सई कशी आहे. तू शाळेत जातेस म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की मी बॅगेत रुमाल शोधायला लागले. आता वरच्या मजल्यावर राहतो, म्हणाल्या. गॅलरीत दोन कुंड्या आहेत, चिमण्या येतात. "वर साप यायचं भ्या न्हाय," असं म्हणून हसल्या. मीही हसले. आणि मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुमी येळंवर बघितलं म्हनून. न्हायतर काय झालं असतं, ह्याचा इचार आला की अजून झोप लागत न्हाय मला."

माझी गाडी लागली होती. घाई नव्हती, पुढची मिळाली असती. मी चढले.

त्या गेल्याचं मला उशिरा कळलं, त्यांच्याच शाळेतल्या एका बाईंकडून. म्हणजे माझ्या नातीचा जीव आपल्या अंगणात जाणार होता, असं समजून त्या जगल्या आणि तसंच समजून गेल्या. त्यांच्या मुलाचा पत्ता मिळत होता. मी घेतला नाही.

भीती कसली होती मला? बदनामीची? त्या सोसायटीतले निम्मे लोक आता नाहीत. विमलताई मला काय म्हणाल्या असत्या, याची? काहीतरी विनोदच केला असता, बहुतेक. मला या प्रश्नाचं उत्तर येत नाही, आणि येत असतं तरी ते इथे लिहिलं नसतं. उत्तर लिहिलं की त्याचं कारण होतं, आणि कारणाची सबब व्हायला वेळ लागत नाही.

फोटो सोबत पाठवला आहे.

मागच्या आठवड्यात रिक्षा करून मी आपल्या जुन्या सोसायटीत जाऊन आले, तुम्हाला लिहायच्या आधी पाहावं म्हणून. विमलताईंच्या प्लॉटवर तीन मजली घर आहे, अंगण नाही. मोकळ्या जागेतलं लॉन दोन उन्हाळेही टिकलं नव्हतं. आता तिथे सिमेंटचे ठोकळे बसवले आहेत आणि गाड्या लावतात. पाम वाळले. माझी हिरवळ नव्या मालकाने काढून पार्किंग केलं. तिथे तासभर बसले, तित्तिर ऐकू आली नाही. विजेच्या डीपीच्या मागे, ट्रॅक्टर वळत नव्हता त्या कोपऱ्यात, माळावरचा एक काटेरी हिवर उभा आहे आणि त्याच्याखाली चटईएवढं गवत आहे. त्या गवतात इवल्या वटवट्या पाखरांची जोडी होती.